संकल्पातला काळ आणि परदेशातली पौर्णिमा

पूजेला बसलो की गुरुजी हातावर पळीभर पाणी आणि अक्षता देऊन संकल्प सांगतात. आपण मागून पुटपुटतो, पाणी ताम्हणात सोडतो आणि मोकळे होतो. त्या दोन मिनिटांत आपण काय बोललो, हे फार थोड्यांच्या ध्यानात राहते. खरे तर संकल्प म्हणजे आपला पूर्ण पत्ता आहे. त्यात काळ येतो, तशी जागाही येते.

काळ मोठ्याकडून लहानाकडे सांगितला जातो. श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे कलियुग, त्याचा पहिला चरण. मग शके १९४७, विश्वावसु संवत्सर, दक्षिणायन, हेमंत ऋतू, मार्गशीर्ष, शुक्ल पक्ष, पौर्णिमा, गुरुवार. कलियुग ४,३२,००० वर्षांचे. द्वापर त्याच्या दुप्पट, त्रेता तिप्पट, कृत चौपट. चारही मिळून ४३,२०,००० वर्षांचे महायुग, आणि अशी हजार महायुगे, म्हणजे ४३२ कोटी वर्षे, हा एक कल्प. सूर्यसिद्धांताच्या गणिताने त्यातली सुमारे १९७ कोटी वर्षे सरली. कलियुगाचे म्हणाल तर शकात ३१७९ मिळवा, म्हणजे सरलेली वर्षे निघतात. शके १९४७ मध्ये ती ५१२६ होतात. नातवंडांकडून ही बेरीज जरूर करून घ्या.

हल्ली मोबाइलवर एक मजकूर फिरतो की विज्ञानाने पृथ्वीचे वय ४५४ कोटी वर्षे काढले, ते कल्पाशी जुळले. मला हे ओढूनताणून वाटते. कल्प ही पूर्ण मुदत आहे. आपल्याच हिशेबाने ती अजून निम्मीही सरलेली नाही. पूर्वजांनी एवढे मोठे आकडे मांडून रोजच्या पूजेत बसवले, हेच पुष्कळ झाले.

आता जागा. जंबुद्वीप, भरतवर्ष, दंडकारण्य आणि आपल्या हिंगोलीकरांसाठी गोदावरीचा उत्तर तीर. जागा कशाला सांगायची? कारण जागा कळल्याशिवाय वेळ सांगताच येत नाही. सूर्य सगळीकडे एकाच क्षणी उगवत नाही. एक अंश रेखांशाला चार मिनिटे, पंधरा अंशांना एक तास. जुन्या ज्योतिषग्रंथांत मूळ रेषा उज्जैनवरून जाते. हिंगोली तिच्या पूर्वेला सुमारे सव्वा ते दीड अंश, म्हणून सूर्य आपल्या माथ्यावर उज्जैनच्या साडेपाच मिनिटे आधी येतो. पंचांगकर्ते या फरकाला देशांतर म्हणतात. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रीनिचची रेषा ठरली. रेषा बदलली, हिशेब तोच राहिला.

पूर्वी गावोगावची वेळ वेगळी असे. १ जानेवारी १९०६ पासून मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेची वेळ भारताची प्रमाणवेळ झाली. मुंबईकरांना ती पटली नाही. सुमारे ३९ मिनिटे मागे असलेली आपली ‘मुंबई टाइम’ तिथे स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकून होती! आपल्या औंढ्याला घड्याळात बारा वाजतात तेव्हा खरी दुपार व्हायला सरासरी सुमारे बावीस मिनिटे बाकी असतात. वारही घड्याळाचा मध्यरात्री बदलतो, पंचांगाचा सूर्योदयाला. पहाटे तीनला जन्मलेल्या बाळाचा वार सांगताना घराघरांत वाद होतात ते यामुळेच.

तिथीचे मात्र वेगळे आहे. ती सूर्य-चंद्राच्या अंतरावर ठरते, म्हणून साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी लागते आणि संपते; फक्त त्या क्षणी घड्याळे निरनिराळी असतात. शके १९४७ ची ही पौर्णिमा ४ डिसेंबर २०२५ ला सकाळी साडेआठनंतर लागते आणि ५ तारखेला पहाटे पावणेपाचच्या सुमारास संपते. आपल्याकडे सूर्यास्त पावणेसहाच्या आसपास, त्या वेळी पौर्णिमा आहे, वर गुरुवार. जन्मसोहळ्याला काहीच अडचण नाही.

पण आता आपली मुले लांब आहेत. डिसेंबरात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, कॅलिफोर्नियाचे साडेतेरा. न्यूयॉर्कला पौर्णिमा ४ तारखेच्या संध्याकाळी सव्वासहापर्यंत आहे आणि सूर्य साडेचारलाच मावळतो, म्हणजे तिथेही जुळले. कॅलिफोर्नियात मात्र ती ३ तारखेला संध्याकाळी सातनंतर लागते आणि ४ तारखेला दुपारी सव्वातीनला संपते. दोन्ही दिवशी सूर्यास्ताला पौर्णिमा नाही! तिथल्या मुलाने ‘आई, नेमके कधी करू?’ असे विचारले तर हिंगोलीची दिनदर्शिका पाहून उत्तर देऊ नका. त्या गावाच्या अक्षांश-रेखांशावर केलेले पंचांग पाहायला सांगा. माझे मत विचाराल तर सूर्योदयाला पौर्णिमा ४ तारखेलाच आहे, तोच दिवस धरावा आणि पाळणा तीनच्या आत म्हणावा. तिथले मंडळ शनिवारी उत्सव करत असेल तर खुशाल जावे, पण तिथी पाळली असे म्हणू नये.

आपला जन्मकाळ त्यांना फोनवर दाखवायचा असेल, तर आपल्या पावणेसहाला लंडनला दुपारचे सव्वाबारा, न्यूयॉर्कला सकाळचे सव्वासात, कॅलिफोर्नियात पहाटेचे सव्वाचार आणि सिडनीला रात्रीचे सव्वाअकरा वाजलेले असतील. आणि मुलगा तिकडे स्वतः पूजेला बसला तर त्याला गोदावरीचा उत्तर तीर म्हणायला लावू नका. अमेरिकेतले काही पुरोहित त्या ठिकाणी क्रौंचद्वीप म्हणतात. ते जमले नाही तर ज्या गावात तो राहतो त्याचे नाव साध्या मराठीत घ्यावे आणि पाणी सोडावे.