मज्जातंतूलाही मांडव लागतो

पडवळाचा वेल मांडवाशिवाय चढत नाही, हे कोकणातून आलेल्या आपल्या मंडळींना सांगायला नको. मज्जातंतूचेही तसेच आहे.

रॉस हॅरिसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०७ साली बेडकाच्या गर्भातील मज्जापेशी गोठलेल्या लसिकेच्या थेंबात ठेवल्या आणि त्यांतून तंतू फुटताना प्रत्यक्ष पाहिले. पुढे त्याने कोळ्याच्या जाळ्याचे धागे वापरून दाखविले की, आधार मिळाला तरच पेशी पसरतात. नुसत्या द्रवात नाही.

मग काचेची बशी का चालत नाही? पेशीच्या आवरणावर ऋण विद्युतभार असतो, काचेवरही ऋणच. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. वर्गात फुगे घासून आम्ही हेच दाखवीत असू. यावरचा उपाय एफ्राइम व झिवा याविन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. (एफ्राइम याविन यांनी पुढे आपल्या रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत पुष्कळ वर्षे काम केले.) त्यांनी बशीला पॉलिलायसिनचा लेप दिला. लायसिन हे एक अमिनो आम्ल. त्याच्या साखळीवर धनभार असतो. त्या लेपाला मेंदूच्या पेशी चिकटल्या. जादा लेप मात्र धुऊन टाकावा लागतो, नाहीतर तो पेशींना बाधतो.

पण चिकटणे वेगळे आणि वाढणे वेगळे. तंतूच्या टोकाला पंजासारखा भाग असतो. त्यातून बारीक बोटे निघून वेलीच्या ताण्यांसारखी चाचपत असतात. लॅमिनिन नावाचे प्रथिन लागले की पेशीच्या आवरणातील इंटिग्रिन हे रेणू त्याला ओळखून धरतात. आतले ॲक्टिनचे धागे मागे खेचले जातात, आणि बाहेर पकड असल्यामुळे टोक पुढे सरकते. पॉलिलायसिन हा नुसता डिंक. लॅमिनिन ही शिडीची पायरी. म्हणूनच तिथे तंतू झपाट्याने वाढतात.

याचा आपल्याशी संबंध आहे. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू तुटला तर तेथे असा मांडव नसतो. उलट वाढ रोखणारे पदार्थ आणि वण आडवे येतात. अशा रुग्णाला कोणी खात्रीचा इलाज विकू लागला तर आम्हांला शंकाच येते. हाताच्या मज्जातंतूत मात्र श्वान पेशींची, लॅमिनिनचे अस्तर असलेली नळी शिल्लक राहते. सर्जनने टोके जोडली की तंतू तिच्यातून दिवसाला सुमारे १ मिलिमीटर सरकतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत १८ सेंटिमीटर धरले, तर सहा महिने झाले. तेवढे दिवस बोट बधिर राहिले म्हणून शस्त्रक्रिया फसली, असे समजू नये.