समुद्रात रेघ कुठे मारायची?

गेर्लिंगेनहून समुद्र तसा लांबच. पण सुट्टीत उत्तरेला झ्युल्ट बेटावर गेलो की मुलं विचारतातच, "जंगलाला कुंपण असतं, मग समुद्रातलं अभयारण्य कुठे सुरू होतं?"

झ्युल्टच्या समुद्रात पोर्पाइज राहतो. डॉल्फिनचा हा जेमतेम दीड मीटरचा चुलतभाऊ. १९९०च्या दशकात संशोधकांनी विमानातून मोजणी केली, तेव्हा उन्हाळ्यात या बेटाच्या पश्चिमेला पिल्लांसह माद्या भरपूर दिसल्या. म्हणजे हे त्यांचं बाळंतपणाचं माहेरच! म्हणून १९९९ साली तिथल्या राष्ट्रीय उद्यानाची हद्द समुद्रात पुढे सरकवली. आधी मोजणी, मग रेघ.

आपल्या मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र सुमारे २९ चौ. कि.मी., त्यात पद्मगड आणि आसपासच्या खडकांचा सुमारे ३ चौ. कि.मी.चा गाभा. जागा चुकीची नव्हती. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडपांवर जिवंत प्रवाळ आहे. तरीही मच्छीमारांचा विरोध झाला आणि आम्हाला तो पटतो. पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढणाऱ्याला, आपलं पाणी का बंद, हे नीट सांगायला नको का?

सांगण्यासारखं खरंच आहे. गोब्रा एकाच खडपात घर करून राहतो. तेवढी जागा राखली की तो मोठा होतो, आणि मोठी मादी लहानीपेक्षा कितीतरी जास्त अंडी घालते. अंड्यांतून निघालेली पिल्लं प्रवाहाबरोबर हद्दीबाहेर जातात, म्हणजे शेवटी जाळ्यातच येतात. सुरमईचं तसं नाही. ती फिरस्ती. तिला छोटी चौकट काय कामाची? तिच्यासाठी जागेपेक्षा जाळ्याची आस आणि बंदीचे महिने महत्त्वाचे.

कासव तर त्याहून भटकं. २०२३ साली गुहागरला 'बागेश्री' नावाच्या ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर उपग्रह-यंत्र बसवलं, ती श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली! एवढा समुद्र कोण राखणार? पण अंडी घालायला मादीला वाळूच लागते. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २००२ पासून वेळासला गावकऱ्यांच्या मदतीने हेच धरलं. सापडलेली अंडी भरतीच्या वर, जाळीच्या कुंपणात पुरायची आणि पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर आली की पाण्याकडे सोडायची.

मुलांना हवं होतं ते कुंपण इथे सापडलं, एका अंगणाएवढं.