दादांच्या छातीतलं पाणी

पोरी, एक्स-रेत उजवी बाजू पांढरी दिसली म्हणून घाबरून जाऊ नकोस. दादांचं दुखणं फुफ्फुसाचं नाही, लिव्हरचं आहे. सिरोसिसमध्ये पोटात साठणारं पाणी छाती-पोटामधल्या पडद्याच्या बारीक छिद्रांतून वर ओढलं जातं, बहुतेकांना उजवीकडेच. पोट फुगलेलं नसलं तरी छाती भरते, हे ध्यानात ठेव.

तेव्हा पहिला उपाय स्वयंपाकघरात. दिवसाचं मीठ सगळं मिळून 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात पाव, बिस्किटं, फरसाणही आलं. म्हणून सकाळी अर्धाच चमचा मीठ वाटीत वेगळं काढ आणि त्यांचं जेवण तेवढ्यातच कर. लोणचं, पापड बंद. चवीला लिंबू, आमसूल, जिरं, आलं आहेच. बाजारातलं 'लो सोडियम' मीठ मात्र आणू नकोस. त्यात पोटॅशियम असतं, आणि लघवीच्या काही गोळ्यांनीही ते रक्तात वाढतं. पाणी पिणं मनाने तोडू नकोस, डॉक्टर सांगतील तेव्हाच. वरण, अंडी, पनीर भरपूर दे. ही माणसं आतून झिजतात. झोपण्याआधी काहीतरी खायला हवंच.

वजन रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाआधी घे आणि कालनिर्णयवर लिही. पायांना सूज नसताना रोज अर्ध्या किलोहून जास्त उतरत असेल किंवा वजन चढत चाललं असेल, तर फोन कर. गुडघा दुखला तरी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नाही म्हणजे नाही, किडनी बसते.

धाप लागली की डॉक्टर सुईने पाणी काढतात. लगेच मोकळं वाटतं, पण पुन्हा भरतं. कोणी छातीत नळी ठेवू म्हणालं, तर लिव्हरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस. नळीतून प्रथिनं वाहून जातात, जंतू शिरतात. परत परत काढावं लागत असेल तर 'टिप्स' (लिव्हरमधून रक्ताला वेगळी वाट करून देणं) आणि लिव्हर प्रत्यारोपण, दोन्हींबद्दल आत्ताच विचार. शरीरात ताकद आहे तोवर. आपल्याकडे प्रत्यारोपणाच्या यादीत नाव रुग्णालयामार्फत झेडटीसीसीकडे, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे जातं. कागद गोळा करायला लाग.

आणि ताप आला, अचानक धाप वाढली किंवा दादा असंबद्ध बोलू लागले, तर सकाळची वाट बघू नकोस. त्या पाण्यात न्यूमोनिया नसतानाही जंतुसंसर्ग होतो. रात्र असली तरी त्यांना रुग्णालयात ने.