तलावाचा काठ आणि सर्वांची वाट
(परिसर अभ्यास : इयत्ता चौथी व पाचवी)

गोंदिया जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. वरच्या अंगास तलाव, खाली धानाच्या बांध्या आणि पाळीवरून गेलेली पाऊलवाट, हे येथील कितीतरी गावांचे चित्र होय. तलावाचे पाणी शेतीस लागते, मासेमारीवर ढीवर बांधवांचा चरितार्थ चालतो, हे मुले घरीच शिकतात. परंतु तलावाचा काठ कोणाचा, हा प्रश्न त्यांस सहसा कोणी विचारीत नाही. सायंकाळी पाळीवर बसणारे वृद्ध, पोळ्याला बैल धुणारा शेतकरी, भुजली विसर्जनास निघालेल्या मुली, सारसाची जोडी पाहण्यास थांबलेला विद्यार्थी, या सर्वांस काठापर्यंत पोचण्याची वाट हवी असते. वाट बुजली की डोळ्यांसमोरचा तलावही परका होतो.

शिक्षकांसाठी पूर्वमाहिती

येथील जुने तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा वाटा मोठा आहे. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. पुढे अनेक तलाव मालगुजारांच्या ताब्यात आले. १९५० च्या मध्यप्रदेशातील कायद्याने मालकी हक्कांचे निर्मूलन झाले आणि १९५१ मध्ये बहुतेक तलाव शासनाकडे आले. म्हणूनच त्यांस 'माजी मालगुजारी तलाव' असे नाव पडले. बोलण्यात 'मामा तलाव' म्हणतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार, खाजगी मालकी सिद्ध झालेली स्थळे वगळता, नद्या, नाले, सरोवरे व तलाव यांचे तळ आणि सार्वजनिक वाटा शासनाच्या मालकीच्या आहेत. याच संहितेत निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची तरतूद आहे. पहिल्यात गावाच्या बिनभोगवट्याच्या जमिनीची व्यवस्था असते. दुसऱ्यात शासनाच्या ताब्यात नसलेल्या जमिनी व पाणी यांवरील वहिवाटीच्या वाटा व मासेमारी यांसंबंधीच्या गावरूढी नोंदविल्या जातात.

तलावाचा काठ दोन रीतींनी बंद होतो. एक रीत माणसास मज्जाव करण्याची. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव केला आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे ठरविले. तरीही अस्पृश्य मानलेल्या लोकांस तेथे जाता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यावरील न्यायालयीन लढा १९३७ मध्ये उच्च न्यायालयाच्या निर्णयाने त्यांच्या बाजूने संपला. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये स्पष्ट शब्दांत सांगितले गेले, की शासनाच्या पैशाने राखलेल्या किंवा जनतेस अर्पण केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते व सार्वजनिक राबत्याच्या जागा यांच्या वापरास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणासही मनाई करता येणार नाही.

दुसरी रीत वाट अडविण्याची. येथे माणसास कोणी नको म्हणत नाही. परंतु कुंपण पुढे सरकते व वाट नाहीशी होते. हा प्रश्न समुद्रकिनाऱ्यावरही उद्भवतो. गोव्यात दोनापावलाजवळील वायंगिणी किनाऱ्याकडे जाणारी लोकांची वाट एका हॉटेलच्या बांधकामाने अडली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती लोकांस मोकळी करून देण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश कायम ठेवला. त्यामागील तत्त्व १९९६ च्या एका निकालात सांगितले गेले होते : नद्या, किनारे, वने यांसारख्या नैसर्गिक संपत्तीचे शासन हे मालक नसून जनतेच्या वतीने विश्वस्त होय. हा विचार नवा नाही. सहाव्या शतकातील रोमन कायद्यातही हवा, वाहते पाणी, समुद्र व समुद्रकिनारा ही सर्वांची समाईक म्हटली आहेत.

या हक्कास मर्यादाही आहेत. खाजगी तलाव, ठेक्याने दिलेली मासेमारी, उभे पीक यांचा मान राखलाच पाहिजे. नवेगाव राष्ट्रीय उद्यानात वनविभागाचे नियम लागू आहेत.

पाठाची मांडणी

पहिला तास, वर्गात : गावच्या तलावाचे नाव, तो कोणी बांधला, तेथे कोण कोण व कशासाठी जाते, हे मुलांकडून काढून घ्यावे व उत्तरे फळ्यावर लिहावीत. चवदार तळ्याची हकिकत सोप्या शब्दांत सांगावी.

दुसरा तास, नकाशावर : तलाठ्याकडून गावनकाशा पाहण्यास मिळवावा. त्यात पाऊलवाट एकेरी तुटक रेषेने व गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखविलेली असते. काठाकडे जाणाऱ्या वाटा मुलांनी आपल्या वहीत उतरवाव्यात.

तिसरा तास, प्रत्यक्ष काठावर : नकाशातील वाटेनेच जावे. पाळ, सांडवा व तुडूम ओळखून घ्यावेत. कोणती वाट चालू आहे, कोणती बुजली आहे, काठावर कचरा कोठे पडला आहे, याची नोंद करावी.

सहलीस पालकांची व मुख्याध्यापकांची संमती आणि पोहणारी जाणती मंडळी सोबत असावी. पाण्यात कोणीही उतरू नये. तुडूम व सांडवा यांजवळ मुलांस जाऊ देऊ नये. गाळ उपसलेल्या ठिकाणी उथळ पाण्यालगतच खोल खड्डा असतो, हे आधीच सांगावे.

सरावाचे प्रश्न : १. आपल्या तलावास किती वाटांनी जाता येते? २. वृद्ध व अपंग व्यक्तीस त्यांपैकी कोणती सोयीची आहे? ३. एखादी वाट बंद झाली तर कोणाचे कोणते काम अडते? ४. काठ स्वच्छ राहावा म्हणून आपण काय करू?

एखादी वाट बुजलेली आढळल्यास शिक्षकांनी कोणाशी वाद घालू नये. मुलांच्या नोंदी शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवाव्यात. समितीमार्फत त्या ग्रामसभेकडे जाव्यात. वाट नोंदीत असली तरी पावलांवाचून ती टिकत नाही. दरवर्षी एक वर्ग तलावावर जाऊन आला, तर गावाची वाट मुलांच्या ध्यानात राहील आणि मोठेपणी ती राखणारे नागरिक गावास लाभतील.