मोगरा-मस्क की गुलाब-मस्क? आधी तीन मिली घ्या

नाशिकच्या भद्रकाली-दूध बाजाराकडच्या अत्तराच्या दुकानात काचेची कांडी मनगटावर टेकते आणि पहिल्या दहा सेकंदांत माणूस पाकीट काढतो. मीही काढलं होतं. एक तोळा गुलाब-मस्क घेतलं. संध्याकाळी घरी त्याचा वास नव्या साबणाच्या वडीसारखा येत होता. चूक माझीच. वर जाणवतं ते फूल अर्ध्या-पाऊण तासात उतरतं, मस्क मात्र दिवसभर अंगावर राहतो. विकत घ्यायचा असतो तो हा मागे उरणारा वास.

म्हणून एका मनगटावर मोगरा, दुसऱ्यावर गुलाब लावा आणि मेन रोडवरची बाकीची खरेदी उरकायला निघा. दोन तासांनी पुन्हा हुंगा. सोबत कुणाला तरी न्याच. काही नाकांना ठरावीक मस्क जाणवतच नाहीत, आणि मग माणूस ओततच राहतो.

आता पैसे. सुट्ट्या अत्तराचा भाव तोळ्यावर सांगतात. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, पण बाटली कुठे 10 मिलीची, कुठे 12ची. आधी मिली विचारा, मग भाव. समजा, 6 मिली अत्तर 300 रुपयांना मिळालं. मिलीला साधारण 25 थेंब धरले तर दीडशे होतात. रोज दोन थेंब, म्हणजे 75 दिवस, दिवसाला 4 रुपये. कॉलेज रोडवरच्या शोरूममधली 50 मिलीची स्प्रेची बाटली 2,500 रुपयांची धरा. एका फवाऱ्याला अंदाजे 0.1 मिली, रोज चार फवारे, तर 125 दिवस; दिवसाला 20 रुपये. तरी पैठणी नेसायची असेल तर स्प्रेच बरा, तोही नेसण्याआधी अंगावर मारलेला. अत्तर तेलकट असतं आणि रेशमावरचा तेलाचा डाग सहजी निघत नाही.

मस्क म्हणजे कस्तुरी, पण 'असली कस्तुरी' म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर सरळ उठा. कस्तुरीमृगाला 1972च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. बाजारातला मस्क प्रयोगशाळेतला असतो, क्वचित कस्तुरी भेंडीच्या बियांचा. त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त भाव त्याच हिशेबाने द्यावा.

सीलबंद बाटलीवर एमआरपी, मिली आणि उत्पादकाचा पत्ता पाहा. एमआरपीत सगळे कर आलेले असतात. वर जीएसटी लावला तर बिल जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा.

दोन्हींत माझं मत? एप्रिल-मेच्या नाशिकच्या उन्हात, बंद ऑफिसात मोगरा डोक्यात जातो. तिथे गुलाब-मस्क गप्प बसतो. मोगरा थंडीतल्या संध्याकाळी लावावा. तेव्हा तीन-तीन मिली दोन्ही घ्या, आठवडाभर वापरा, आणि तोळा घ्यायचाच झाला तर गुलाबाचा घ्या.