काळ्या मातीवरचे अंगण

पांढरी आणि काळी हे दोन शब्द आपल्याला ठाऊक आहेत. गाव वसते ती पांढरी. पीक येते ती काळी. आपल्या वाडवडिलांनी घरे पांढरीवर बांधली. काळी पिकासाठी राखली. हे एक कारण झाले. दुसरे कारण काळीवर घर बांधणाऱ्याला एका पावसाळ्यात कळते.

आता गावे वाढली. गावठाणात जागा उरली नाही. नवी घरे शेताच्या कडेला, काळीवर उभी राहू लागली. घर झाले की घरापुढे सिमेंटचे अंगण हवेसे वाटते. त्यात चूक काही नाही. अंगणात तूर वाळते, सोयाबीन वाळते. पावसाळ्यात चिखल घरात येत नाही. म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरत नाही.

परभणी जिल्ह्यात आमच्या ओळखीचे एक शेतकरी आहेत. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मामांनी दोन शेळ्या विकल्या. मामींनी बचत गटातून कर्ज काढले. वैशाखात गवंडी बोलावला आणि घरापुढे १५ फूट लांब, १० फूट रुंद असे सिमेंट काँक्रीटचे अंगण करून घेतले. जमीन वरवर सपाट केली, खडी पसरली आणि वर चार इंच काँक्रीट ओतले. अंगण आरशासारखे दिसत होते. आम्हीही जाऊन पाहिले आणि वाहवा केली.

मृग बरसला. पोळ्याच्या सुमारास एका कोपऱ्याला भेग पडली. तो कोपरा मोरीजवळचा. तिथे मामींनी अळू लावले होते. दसऱ्यापर्यंत भेग आरपार गेली. अंगणाची बाहेरची कड दोन बोटे वर उचलली. मग पावसाचे पाणी उलटे, घराकडे वाहू लागले. पुढच्या पावसाळ्यात घराच्या भिंतीलाही तडा गेला.

मामा म्हणाले, "सिमेंट कमी पडलं का हो?"

आम्हीही तेव्हा मान डोलावली. सिमेंट कमी पडले असेल, असेच आम्हाला वाटले. आम्ही चुकलो होतो. सिमेंट पुरेसे होते. अंगण वरून फुटले नव्हते. ते खालून फुटले होते.

खाली काय होते? काळी माती.

घरी एक प्रयोग करून पाहा. दोन काचेचे पेले पाण्याने भरा. काळी माती वाळवून, बारीक करून, चाळून घ्या. मुरूमही तसाच चाळून घ्या. एका पेल्यात दोन चमचे काळी माती हळूहळू सोडा. दुसऱ्यात दोन चमचे मुरूम सोडा. रात्रभर हलवू नका. सकाळी पाहा. मुरूम तळाशी दबून बसलेला दिसेल. काळी माती मात्र फुगून पेल्यात वर आलेली दिसेल. माप तर दोघांचे सारखेच होते.

दुसरा प्रयोग काड्यापेटीचा. रिकाम्या काड्यापेटीच्या खणात काळ्या मातीचा चिखल काठोकाठ भरा आणि सावलीत वाळू द्या. चार दिवसांनी मातीची वडी आकसून खणाच्या कडा सोडते. तिला भेगाही पडतात.

काळ्या मातीचे कण फार बारीक असतात. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे त्यांचे थर असतात. त्या थरांमध्ये पाणी शिरते आणि थर एकमेकांपासून लांब सरतात. म्हणून माती फुगते. पाणी गेले की थर पुन्हा जवळ येतात. म्हणून माती आकसते. वैशाखात शेतातल्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो, हे तुम्ही पाहिलेच आहे. आषाढात तीच भेग शोधून सापडत नाही. तोंड घट्ट झाकलेल्या भांड्यात हरभरे भिजत घातले तर ते फुगून झाकण वर लोटतात. आपले काँक्रीट हे त्या भांड्याचे झाकण आहे. पण सारे झाकण एकदम उचलले असते तर ते फुटले नसते. पावसाचे पाणी बाहेरून येते. त्यामुळे अंगणाच्या कडेखालची माती आधी भिजते आणि फुगते. मधली माती कोरडीच राहते. कड वर जाते, मध्य खाली राहतो आणि काँक्रीट मोडते. उन्हाळ्यात उलटे होते. कडेची माती वाळून खाली बसते आणि कड अधांतरी राहते. तिच्यावर गाडीचे चाक चढले की तुकडा पडतो. मामांचा मोरीचा कोपरा आधी का फुटला, हे आता कळले ना? तिथे बारा महिने पाणी होते. बाकीच्या अंगणाखाली नव्हते.

मग उपाय काय? काळी माती फुगायची थांबत नाही. तिला अंगणापासून लांब ठेवायचे आणि पाण्याला तिच्यापासून लांब ठेवायचे, एवढे आपल्या हाती आहे.

आधी खणायचे. दीड फूट खोल खणून काळी माती बाहेर काढावी. ती शेतात टाकावी, तिथे ती सोन्यासारखी आहे. खड्डा अंगणाएवढाच नको. घराची बाजू सोडून बाकी तिन्ही बाजूंना दोन दोन फूट जास्त खणावे. भिंतीजवळ मात्र जपून. पाया उघडा पडेल इतके खोल तिथे जाऊ नये. थोडे थोडे खणावे आणि त्याच दिवशी भरून घ्यावे.

खड्ड्यात मुरूम भरावा. वाळू भरू नये, नुसती खडीही भरू नये. पुष्कळ गवंडी इथे चुकतात. वाळूत आणि खडीत पाणी साठते. चारी बाजूंनी काळी माती आणि मध्ये पाण्याने भरलेला खड्डा, म्हणजे आपणच अंगणाखाली हौद बांधल्यासारखे होते. मुरूम कुटला की बांधून बसतो. त्यातून पाणी सहज उतरत नाही आणि तो फुगत नाही. मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये आर. के. कट्टी नावाचे प्राध्यापक होते. काळ्या मातीतले कालवे आणि बांधकामे का फुटतात, याचा त्यांनी अभ्यास केला. न फुगणाऱ्या पण चिकटून बसणाऱ्या मातीचा थर वर कुटून घातला, तर खालच्या काळीचे फुगणे दबते, असे त्यांनी दाखवले. चांगला मुरूम याच जातीचा असतो.

मुरमाचा एक थर सहा इंचांचा घालावा. त्यावर पाणी शिंपडावे. चिखल करू नये. मूठ वळली की गोळा व्हावा, इतकाच ओला करावा. मग धुमसाने कुटावा. सहा इंचांचा थर साडेचार इंच होईपर्यंत हात थांबवू नये. असे चार थर घातले की दीड फूट भरतो. मामांच्या अंगणाला सुमारे साडेचार ब्रास मुरूम लागला. "सिमेंटापेक्षा मुरमालाच जास्त घाम गाळला," असे मामा म्हणतात. ते खरे आहे, आणि तसेच व्हायला हवे.

हे काम कधी काढावे? वैशाखात नको. तेव्हा माती पूर्ण वाळलेली आणि भेगाळलेली असते. पाऊस पडला की ती सर्वांत जास्त फुगते. भर पावसाळ्यातही नको. मार्गशीर्ष-पौष बरा. माती फार ओली नसते, फार कोरडी नसते. ऊनही सोसवते.

आता काँक्रीट. प्रमाण नेहमीचेच, एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी. घमेल्याचे माप एकच धरावे. १५ फूट बाय १० फूट अंगणाला चार इंच जाडीने ५० घनफूट काँक्रीट लागते. त्याला सुमारे ९ पोती सिमेंट, २२ ते २३ घनफूट वाळू आणि ४५ घनफूट खडी लागते. पाणी मात्र अंदाजाने ओतू नका. एका पोत्याला २५ ते २८ लिटर पाणी पुरते. ३० च्या वर जाऊ नये. उन्हात माल लवकर घट्ट होतो. मग मजूर म्हणतो, "आणखी एक बादली मारू का?" मारू देऊ नका. जास्त पाण्याने माल पसरायला सोपा होतो, पण काँक्रीट कच्चे राहते. त्यापेक्षा काम पहाटे सुरू करावे. खडी आदल्या रात्री भिजवून झाकून ठेवावी. थोडा थोडा माल कालवावा आणि अर्ध्या तासात घालून संपवावा.

सारे अंगण एका दमात ओतू नये. पाच फूट बाय पाच फूट असे चौकोन पाडावेत. मामांच्या अंगणाचे सहा चौकोन झाले. लाकडी फळ्या उभ्या लावून पहिल्या दिवशी एक सोडून एक असे तीन चौकोन भरले. तीन दिवसांनी फळ्या काढून उरलेले तीन भरले. दोन चौकोनांच्या मध्ये डांबरी कागद उभा धरला. काँक्रीट उन्हाने वाढते, थंडीने आकसते. त्याला सांधा ठेवला नाही तर ते स्वतःच कुठेतरी सांधा पाडते. तीच आपली भेग. घराच्या भिंतीला आणि अंगणालाही असाच अर्ध्या इंचाचा सांधा ठेवावा आणि तो डांबराने भरावा. अंगण हलले तरी मग ते भिंतीला ओढत नाही.

अंगणाला घराकडून बाहेर उतार द्यावा. दर चार फुटांना एक इंच. १० फुटांना अडीच इंच होतो. डोळ्याने पाहून उतार कळत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोके लावून पाहावीत.

काँक्रीट घट्ट होऊ लागले की लगेच ओले गोणपाट टाकावे. गोणपाट वाळू देऊ नये. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात साध्या सिमेंटला कमीत कमी १० दिवस पाणी हवे. गावात मिळणाऱ्या पुष्कळ पोत्यांवर 'पोझोलाना' असे लिहिलेले असते. त्या सिमेंटला १४ दिवस हवे. आता तुम्हाला वाचता येते. पोते फोडण्याआधी त्यावरची अक्षरे वाचा. तारीखही वाचा. तीन महिन्यांहून जुने पोते घेऊ नका.

सळई घालावी का, असे पुष्कळ जण विचारतात. घातली तर भेग रुंदावत नाही, एवढाच तिचा उपयोग. फुगणाऱ्या मातीला ती अडवू शकत नाही. मुरमाचे पैसे सळईत घालू नका.

आणि ज्यांना दीड फूट खणणे जमत नाही, किंवा मुरूम फार लांबून आणावा लागतो, त्यांनी? आमचे मत विचाराल तर त्यांनी सिमेंटचे अंगण करूच नये. सहा इंच मुरूम कुटून त्यावर शहाबादी फरशी नुसती मांडून घ्यावी. फरशी वर-खाली झाली तर ती उचलून, खालचा मुरूम सारखा करून पुन्हा बसवता येते. फुटलेले काँक्रीट पुन्हा बसवता येत नाही. ते फोडून फेकावे लागते, आणि फोडण्याचीही मजुरी पडते. मामांना ती द्यावी लागली.

सावलीसाठी अंगणाच्या कडेला लिंब लावू नका. मोठे झाड उन्हाळ्यात मुळांनी मातीतले पाणी ओढून घेते आणि माती आणखी आकसते. झाड पुढे जितके उंच होईल तितके लांब लावावे. अंगणावर मांडव घालावा.

मामांनी दुसरे अंगण पौषात केले. त्यावर आता दोन पावसाळे गेले. एका सांध्यावर केसाएवढी रेघ उमटली आहे, बाकी काही नाही. पाणी बाहेर वाहते. भिंतीचा तडा बुजवला, तो पुन्हा उघडला नाही. भांडण झाले ते अळूवरून. मोरीचे पाणी नळाने २० फूट लांब न्यायचे आणि अळू तिकडे लावायचे, असे मामा म्हणत. मामी ऐकत नव्हत्या. "चुलीपासून उठून तेवढ्या लांब कोण जाणार?" असे त्यांचे म्हणणे. शेवटी नळ टाकला. अळू तिकडेही चांगले आले. मागच्या श्रावणात आम्ही त्याच अळूच्या वड्या नव्या अंगणात बसून खाल्ल्या. पाने तोडायला मात्र मामांनाच पाठवले होते.