मताची गुप्तता

मतदानाचा दिवस होता. गावच्या शाळेतील एका वर्गात मतदान केंद्र होते. दारापुढील रांगेत एक शेतमजूर उभा होता. त्याचा चेहरा चिंतेने उतरला होता. आदल्या सायंकाळी मालकाने त्याला बजावले होते, "मी सांगतो त्यालाच मत दे आणि खूण म्हणून मोबाइलवर फोटो काढून आण. नाहीतर परवापासून कामावर येऊ नकोस."

दाराशी बसलेला कर्मचारी म्हणाला, "दादा, मोबाइल आत नेता येणार नाही. बंद करून इथे ठेवा."

मजुराने मोबाइल ठेवला. बोटाला शाई लावून घेऊन तो पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेला आणि मनास पटलेल्या उमेदवारापुढील कळ त्याने दाबली. सायंकाळी त्याने मालकास खरे तेच सांगितले, "मालक, मोबाइल दाराशीच ठेवावा लागला. फोटो काढताच आला नाही."

मुलांनो, कर्मचाऱ्याचे ते बोलणे वरवर कठोर वाटते. परंतु त्यानेच त्या गरिबास अभय दिले.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२८ व्या कलमानुसार मतदानाचे व मतमोजणीचे काम करणाऱ्या प्रत्येकाने मताची गुप्तता राखावयाची असते. ती मोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. १९६१ चे निवडणूक नियम मतदारावरही हेच बंधन घालतात. ताकीद देऊनही जो मतदानाची रीत पाळीत नाही, त्यास केंद्राध्यक्ष मत देऊ देत नाहीत. म्हणूनच मोबाइल आत नेण्यास बंदी आहे. मतदारांची गैरसोय टळावी, यासाठी तो दाराशी ठेवण्याची सोय करण्याचे निवडणूक आयोगाने २०२५ मध्ये ठरविले.

मग वृत्तपत्रांत मतदानाची छायाचित्रे कशी येतात? आयोगाचे अधिकारपत्र असलेल्या वार्ताहरास केंद्रात जाता येते. तोही रांगेचे छायाचित्र घेऊ शकतो. कोणाचे मत टिपू शकत नाही. देखरेखीसाठी आयोगाने बसविलेला कॅमेराही, कोणी कोणती कळ दाबली हे दिसणार नाही, अशाच जागी ठेवतात. केंद्रापासून दूर आल्यावर मात्र शाई लावलेल्या बोटाचे छायाचित्र खुशाल काढावे. त्यावरून मत दिले एवढेच कळते. कोणास दिले हे कळत नाही.

इंग्लंडमध्ये १८७२ पर्यंत मतदारास आपले मत सर्वांसमक्ष सांगावे लागे. जमीनदार ऐकत असे आणि कूळ भीत असे. त्या वर्षी कायदा होऊन तेथे गुप्त मतदान सुरू झाले. मताचे छायाचित्र बाहेर नेता आले, तर धाक घालणाऱ्यास आणि मत विकत घेणाऱ्यास आयताच पुरावा मिळेल व तो जुना काळ परत येईल.

आपण कोणास मत दिले, हे सांगण्याची सक्ती न्यायालयातील साक्षीदारावरही करता येत नाही. मग ती मालकास कोठून करता येणार?

स्वाध्याय
१. मजुराचा चेहरा चिंतेने का उतरला होता?
२. वार्ताहरास केंद्रात काय करता येते व काय करता येत नाही?
३. 'गुप्त मतदान हे दुर्बलांचे कवच आहे.' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.